बिनधुराची शेगडी

खालापूर मागे पडलं आणि चंद्रामावशी एकाएकी गप्प झाली.

तोवर तिचं तोंड एकदाही मिटलं नव्हतं. चौकच्या नाक्यावर माधवी तिला येऊन मिळाली तेव्हा नुकतं उजाडत होतं. मावशी लोधिवलीहून तिथवर एकटीच चालत आली होती, आणि माधवीच्या पायातले नवे बूट बघून तिने पहिलं विचारलं ते हे, की देवाला निघालीस का शर्यतीला. मग वाटेत भेटेल त्याची खबर घेत ती चालली. अंगारकीला जुन्या हायवेच्या कडेने महडच्या गणपतीला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. एका मंडळाने टेंपोवर हा मोठा स्पीकर बांधला होता. मावशी त्या टेंपोला समांतर चालत गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "देव भयरा झाला का रं तुमच्या गावचा?" ड्रायव्हर हसला. आवाज काही कमी केला नाही, पण खिडकीतून हात काढून त्याने दोघींना उपवासाच्या वेफर्सची पुडी मात्र दिली.

अशी ही बाई. आणि आता ती पदराचं टोक दातात धरून, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत मुकाट चालली होती. तिला गप्प केलं होतं माधवीच्या एका प्रश्नाने. माधवीने विचारलं होतं, "मावशी, हिरू बाळाला का घाबरते?"

विचारताना माधवीला त्यात एवढं काही वाटलं नव्हतं. हिरू ही मावशीची एकुलती मुलगी. महडच्या अलीकडच्याच एका गावात दिलेली. पहिलं मूल बारसं व्हायच्या आधीच गेलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं पोरीची कूस रिकामी राहिली. आता कुठे देवाने बघितलं होतं. सातवा सरत आला होता, आणि तपासणीला ती कर्जतला यायची, माधवी जिथे सिस्टर आहे त्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलात. मागच्या खेपेला डॉक्टरबाई तपासून बाहेर गेल्या तशी हिरूने माधवीचा हात धरला. बाळ झालं की ते रात्रीचं तुमच्याकडे ठेवाल का, असं तिने विचारलं. माधवीला वाटलं, थट्टा करते. ती म्हणाली, झोप काय ती आत्ताच काढून घे, नंतर वर्षभर विसर. हिरू हसली नाही. मी पाजीन आणि लगेच परत देईन, पण माझ्या कुशीत निजवू नका, असं ती खाली बघून म्हणाली. घरी गेल्यावर काय करशील, असं विचारलं तर म्हणे, सासू घेईल, मी दुसऱ्या खोलीत दार लावून निजेन.

माधवीने पुष्कळ बाळंतिणी बघितल्या होत्या. रडणाऱ्या, रुसणाऱ्या, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्या. पण ज्या पोरासाठी इतके नवस झाले, ते पोटात असतानाच त्याच्यापासून लांब झोपायची तयारी करणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली. ते तिच्या मनातून जाईना. आज महडला हिरू त्यांना भेटणार होती, तिघी मिळून दर्शन घेणार होत्या. त्याआधी आईला विचारून ठेवावं, म्हणून तिने विचारलं.

मग ओढ्यावरची एक मोरी आली, तिचा कठडा बसण्याजोगा होता. मावशी स्वतःच त्यावर टेकली आणि माधवीलाही बस म्हणाली. समोरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर वाऱ्याचा झोत यायचा आणि मावशीचा पदर उडायचा. तिने तो सावरला नाही.

"त्या दिशी तू काच फोडलीस," ती म्हणाली, "तवा सुरभी कशी दिसत व्हती?"

हा दिवस कोणता, ते माधवीला सांगावं लागलं नाही. गेल्या साली घडलेली ती गोष्ट ती विसरली नव्हती.

कर्जत, चौक, खालापूर या पट्ट्यात ज्या घरात पाळणा हलला, त्या घरात चंद्रामावशी गेलेली. बाळाला पाय पसरून पायांवर न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला तेल लावून रगडायचं, आणि मग शेक-शेगडी. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग भुरभुरायचं, आणि खाटेवरच्या आईला, बाळाला त्याची ऊब आणि धुरी द्यायची. हे सगळं दारं-खिडक्या लावून. ओल्या बाळंतिणीला वारा लागता कामा नये, ही पहिली शिस्त. हे तिला तिच्या आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. माधवीची दोन्ही मुलंही तिच्याच पायांवर न्हालेली.

हॉस्पिटलातसुद्धा तिला मज्जाव नव्हता. ते हॉस्पिटल म्हणजे मूळचा एक जुना कौलारू बंगला. पहिल्या स्पेशल खोलीत भिंतीच्या वरच्या अंगाला, छपराखाली, विटांची जाळी होती. चिमण्या त्यातून आत यायच्या आणि आया झाडूने हुसकायच्या. त्या खोलीत मावशीने कित्येक बाळंतिणी शेकल्या. धूर वर जायचा, जाळीतून आणि कौलांतून निघून जायचा, आणि कोणी त्याचा विचारही करत नसे.

मग हॉस्पिटल नवं केलं. छपराच्या जागी स्लॅब आला, स्लॅबखाली पांढरंशुभ्र सीलिंग, सरकत्या काचांच्या खिडक्या, एसी. एसीचा गारवा जाऊ नये म्हणून गवंड्याने जाळी विटा-सिमेंटने लिंपून टाकली. खोली अशी झाली की माधवीला पहिल्या दिवशी चपला बाहेर काढाव्याशा वाटल्या. आणि डॉक्टरबाईंनी हुकूम काढला, की आता खोल्यांत शेगडी चालणार नाही. का, असं कोणीतरी विचारलं तेव्हा काम करणारा मिस्त्री तिथेच होता. तो म्हणाला, सीलिंग काळं पडेल. सगळ्यांनी तेच धरलं. आयांनी, नातेवाइकांनी, खुद्द माधवीनेही. सीलिंग काळं पडतं म्हणून शेगडी बंद. दुसरं काही कारण असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही, आणि डॉक्टरबाईंनीही ते कधी फोड करून सांगितलं नाही.

सुरभी ही कर्जतच्या एका मास्तरांची मुलगी. रक्तदाब चढल्यामुळे बाळंतपणानंतर तिला थांबवून घेतलं होतं. पाचवी हॉस्पिटलातच पुजली, आणि सुरभीच्या आईने हट्ट धरला की शेक आता तरी सुरू झालाच पाहिजे, पोर आयुष्यभर कंबर धरून बसेल. तिने मावशीला बोलावलं. मावशीने नियम मोडला असं तिला स्वतःला मुळीच वाटत नव्हतं. उलट तिने नियम पाळला. सीलिंग काळं होता कामा नये ना? मग धूरच करायचा नाही. हॉस्पिटलच्या मागे विहिरीपाशी तिने लाकडाचा लोणारी कोळसा पेटवला, आणि शेवटचा धूर निघून जाईस्तोवर पंख्याने वारा घालत बसून राहिली. निखारे असे झाले, की नुसते लाल, वर एक रेघ नाही. मग घमेलं पालथं घालून शेगडी आत नेली. ओवा टाकला तो चिमूटभर, वासापुरता. एसी बंद केला. बाथरूममधला वारा बाहेर टाकणारा पंखा तेवढा चालू ठेवला, तोही सुरभीच्या आईने, खोली कोंदट व्हायला नको म्हणून. दाराला आतून कडी घातली आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. वाराही लागणार नाही आणि ओव्याचा वास डॉक्टरबाईंच्या नाकापर्यंतही जाणार नाही. सुरभीची आई डबा आणायला घरी गेली.

दुपारच्या इंजेक्शनला माधवी गेली तर दार आतून बंद. तिने हाक मारली, दार वाजवलं. आत पंख्याची घरघर ऐकू येत होती. मावशी तेल लावायला आत आहे हे तिला ठाऊक होतं. मावशी अशी कधी ओ द्यायची राहत नाही, एवढंच तिच्या मनात आलं आणि ती व्हरांड्यातून वळसा घालून खिडकीशी गेली. काचेतून तिला दिसलं ते दृश्य इतकं शांत होतं, की क्षणभर ती निर्धास्त झाली. सुरभी खाटेवर कुशीला झोपलेली. मावशी भिंतीला टेकून खाली बसलेली, बाळ तिच्या पसरलेल्या पायांवर, एक हात बाळाच्या छातीवर. खाटेखाली लाल निखारे. धुराचा मागमूस नाही. देवघरात असावी तशी शांतता.

मग तिच्या ध्यानात आलं, की मावशीचे डोळे अर्धे उघडे आहेत आणि ते कुठेच बघत नाहीत.

व्हरांड्यात तुळशीची कुंडी होती. ती तिने उचलली तेव्हा तोंडातून गणपतीचं नाव निघालं की डॉक्टरबाईंचं, हे तिला आजही आठवत नाही. काच फुटली. आतून तिच्या तोंडावर जी हवा आली तिला कसलाही वास नव्हता. ओव्याचा एक पुसटसा, बस. तिघांना ओढून व्हरांड्यात आणलं, तोंडावर ऑक्सिजन लावला, डॉक्टरबाई अनवाणी धावत आल्या. गाडी करून पनवेलला नेलं. सुरभी दुसऱ्या दिवशी बोलली. बाळाने तिसऱ्या दिवशी अंगावर पिऊन सगळ्यांचा जीव भांड्यात पाडला. आता ते मास्तरांच्या अंगणात दुडदुडतं. मावशी सगळ्यात आधी शुद्धीवर आली होती. भानावर येताच तिने पहिलं विचारलं, "सीलिंगला काय झालं?" आग लागली असंच तिला वाटत होतं. एरवी चांगली बाई बसल्या जागी कशी पडेल?

पुढे पनवेलहून एक माणूस आला. हॉस्पिटलांतल्या हवेची व्यवस्था बघणं हेच त्याचं काम. त्याने शिडी लावून सीलिंगचा एक चौकोन सरकवला, आत बॅटरी मारली आणि डॉक्टरबाईंना वर बोलावलं. बाथरूमच्या पंख्याचं तोंड बाहेर काढलेलंच नव्हतं. ते सीलिंगच्या पोकळीत उघडत होतं. पंखा रोज फिरत होता, त्याचा आवाज ऐकून सगळे निर्धास्त होते, आणि खोलीतली हवा वर जाऊन, फिरून पुन्हा खोलीतच उतरत होती. एसीचंही तसंच. तो हवा गार करतो, नवी आणत नाही. त्या माणसाने दार-खिडकी लावायला सांगितली, हॉस्पिटलच्या गणपतीसमोरची एक उदबत्ती मागून घेतली आणि खोलीच्या मधोमध धरली. धूर सरळ वर गेला, सीलिंगखाली पसरला आणि तिथेच तरंगत राहिला. कुठेच जाईना. तो माणूस म्हणाला, कोळशाचा धूर संपला म्हणजे त्याचं विष संपलं असं नसतं. लाल निखाऱ्यातून जे निघतं त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात शिरून ते श्वासाची जागा घेतं, आणि माणसाला नुसती झोप येतेय असं वाटतं. घर फटी-फटीचं असेल तर ते निघून जातं. इथे जायला वाट नव्हती.

खोली तीच होती, बाई तीच, शेगडीही तीच. वरच्या विटांची जाळी तेवढी गेली होती.

आता त्या खोलीला बाहेरची हवा येण्याची आणि आतली जाण्याची वेगवेगळी वाट आहे, आणि भिंतीवर एक छोटं यंत्र आहे, हवा बिघडली की ते कोकलतं. चंद्रामावशी पुष्कळ दिवस घराबाहेरच पडली नाही. सुरभीच्या आईनेच तिला परत बोलावलं, बाळाला न्हाऊ घालायला. आता ती तेल लावते, न्हाऊ घालते, आणि शेगडीचं कोणी नाव काढलं तर उठून जाते. हे सगळं माधवीला ठाऊक होतं. सुरभीच्या चेहऱ्याचं मात्र तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"कशी म्हणजे, मावशी? बेशुद्ध होती."

"त्वांड कसं व्हतं? रंग?"

माधवीने आठवलं. "लाल. गाल लाल होते, ओठ लाल होते. म्हणून तर मला आधी वाटलं की छान झोपली आहे."

"निळी नव्हती?"

"नाही."

"आन् एखादं बाळ झोपंत आईच्या अंगाखाली सापडलं, श्वास कोंडून गेलं, तर ते कसं दिसतं गं?"

माधवीने उत्तर दिलं ते वर्गात उत्तर द्यावं तसं, काही विचार न करता. "निळसर पडतं. ओठ, नखं, सगळं." आणि बोलून झाल्यावर तिने मावशीकडे बघितलं. मावशी तिच्याकडेच बघत होती. एक ट्रक गेला, पदर पुन्हा उडाला.

"हिरूचा बाबू लाल व्हता," मावशी म्हणाली.

मग तिने सांगितलं. मध्ये थांबत, कधी मोरीच्या कठड्यावरची माती नखाने खरवडत सांगितलं. हिरू पहिलटकरीण म्हणून माहेरी लोधिवलीला आली होती. बाळंतपण सरकारी दवाखान्यात सुखरूप झालं, मुलगा झाला, घरी आणला. मावशीच्या नवऱ्याने, पोपटने, त्याच साली जुन्या कौलारू घराला लागून एक पक्की खोली बांधली होती. स्लॅबची, घट्ट बसणाऱ्या खिडकीची. लेक आणि नातू नव्या खोलीत राहतील याचं त्याला कोण कौतुक. पौषाची थंडी होती. पाचवी झाली, सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली ती मावशीनेच. एका सकाळी तिने निखारे चांगले लाल करून खाटेखाली शेगडी ठेवली, खिडकी लावली, दार बाहेरून ओढून घेतलं आणि ती चौकला दुसऱ्या एका बाळाला न्हाऊ घालायला गेली. तिकडे जरा वेळ झाला. परत येऊन दार उघडलं तर हिरू गाढ झोपलेली, आणि बाळ तिच्या दंडाखाली.

हिरू हाका मारून उठेना. थोबाडीत मारून उठवली तेव्हा ती ओकली आणि डोकं धरून बसली. बाळ गेलेलं होतं. आयाबाया जमल्या. गुलाबाच्या फुलासारखं निजलंय बघा, असं त्यातली एक रडत रडत म्हणाली, कारण त्याचे गाल खरोखरच तसे होते. आणि कसं झालं, असं कोणीतरी विचारलं.

"कुनी काय बोलायच्या आधी मी बोलले गं," मावशी म्हणाली. "म्हन्ले, निजली मेली त्याच्या अंगावर. माझ्याच तोंडानं. दुसरं कायच सुचलं नाय मला. मग सगळ्या गावानं तेच धरलं."

हिरूने कधी नाही म्हटलं नाही. तिला त्या सकाळचं काही आठवतच नव्हतं, मग ती कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? जावई मनोज देवमाणूस, त्याने एका शब्दाने दुखवलं नाही. सासूने मात्र दर सणाला आठवण दिली. आणि हिरू तेव्हापासून आपल्या स्वतःच्या अंगाला भिते. शेजारणीचं मूल कोणी मांडीवर दिलं तर लाकडासारखी ताठ बसते आणि ते परत घेईपर्यंत डोळे मिटत नाही.

माधवी ऐकता ऐकता एकेक खूण जुळवत होती. लाल गाल. ओकारी. डोकेदुखी. जडशीळ झोप, आणि काहीच न आठवणं. पनवेलला सुरभीच्या उशाशी बसून तिने हीच लक्षणं एकामागून एक डोळ्यांनी पाहिली होती. ती सिस्टर होती आणि तरी हिरूने हात धरला तेव्हा तिला त्यातलं काही दिसलं नव्हतं. कसं दिसणार? हिरूचं मूल कसं गेलं, हे विचारायचं धाडस या पट्ट्यात कोणी केलंच नव्हतं. गावाला उत्तर आधीच माहीत होतं, आणि गावाबाहेरच्या माधवीपर्यंत ते आलंच नव्हतं.

तिने आपल्या परीने सावरायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांनी कोणी छातीठोक सांगू शकत नाही, असं ती म्हणाली. तेव्हा रक्त तपासलं असतं तर कळलं असतं, आता नाही. मावशीने ते ऐकून घेतलं आणि मान हलवली, जशी ती एखाद्या नव्या बाळंतिणीची भीती ऐकून घेते.

"मी पनवेलला खाटेवर पडले व्हते ना, तवाच मला कळलं," ती म्हणाली. "दोन डाक्टर बोलत व्हते, की गाल लाल व्हते म्हनून कुनाला समजलं नाय. मी डोळं मिटून ऐकत व्हते. माझ्या म्होरं बाबूचं त्वांड आलं. देवानं मला जित्ती का ठेवली, ते मला तवा कळलं."

बाबू म्हणजे काही नाव नव्हे. बारसंच झालं नव्हतं, त्यामुळे नाव नव्हतं.

त्या पौषापासून मावशीने महडची पायरी चढली नव्हती, हे माधवीला आज पहिल्यांदा समजलं. त्याआधी दर अंगारकीला न चुकता जाणारी बाई, तिने देवाशी अबोला धरला होता. माझ्या नातवाच्या कपाळी एवढंच लिहिलंस, म्हणून. लेकीच्या हातून करवलंस, म्हणून. इतकी वर्षं लेकीला दोष दिला आणि देवालाही. आणि शेगडी रोज उचलून दुसऱ्यांच्या घरी नेली. त्या घरांतली किती पोरं नुसत्या फुटक्या कौलांच्या आणि कुडाच्या भिंतींच्या कृपेने वाचली असतील, हे ती आता रात्रंदिवस मोजत असते, आणि मोजता येत नाही, असं ती म्हणाली. माधवीने आपल्या दोन मुलांचा विचार केला. तिच्या सासरचं तेव्हाचं घर मातीच्या भिंतींचं होतं. तिने पदराआड हात जोडले.

"मग हिरूला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

सांगितलं होतं. दिवाळीला मावशी त्यासाठीच लेकीकडे गेली होती. चुलीपुढे बसून सगळं सांगितलं, निखाऱ्यांचं, लाल गालांचं, सुरभीचं. हिरूने शेवटपर्यंत ऐकलं. मग आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आये, तू माझ्यासाठी आळ अंगावर घेतेस, ते मला समजतंय. माझं ओझं तू नको उचलू. आणि उठून भाकरी थापायला लागली. पुन्हा विषय काढला तर तिथून उठून गेली.

"मी आई पडले ना," मावशी म्हणाली. "आई लेकीसाठी खोटं बोलतेच. मी तवा खोटं बोलले ते तिला खरं वाटलं, आन् आता खरं बोलते तर ते खोटं वाटतंय."

एवढं बोलून ती उठली. गुडघ्यांवर हात दाबून सरळ झाली आणि चालू लागली. माधवी तिच्यामागून निघाली. त्या रस्त्याने ती रोज नाही तरी शेकडो वेळा गेली असेल, पण त्या दिवशी तिला दोन्ही बाजूंना नवी घरंच दिसत राहिली. स्लॅबची, सरकत्या काचांची, रंगीत टाइल्स लावलेली, घट्ट बंद. एका घराच्या गच्चीवर बाळाची दुपटी वाळत होती. माधवी थबकली. तिने त्या घराच्या खिडक्यांकडे पाहिलं. एक उघडी होती. मग ती पुढे गेली.

मागून तो मघाचा टेंपो आला. तो वाटेतल्या एखाद्या चहावाल्यापाशी रेंगाळला असावा. ड्रायव्हरने ओळखीचा हात केला. मावशीने त्याला काही टोमणा मारला नाही.

महडच्या फाट्यावर ही गर्दी. हारांच्या टोपल्या, दूर्वांच्या जुड्या, नारळ, पेढे, चपलांचे ढीग. कमानीच्या अलीकडे एका हारवाल्याच्या दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हिरू बसली होती. हिरवी साडी, पोट चांगलं दिसायला लागलेलं. मांडीवर दूर्वांची जुडी. हारवाल्याची बायको मालाचं काहीतरी उचलत होती, आणि तिचं रांगतं मूल हिरूच्या खुर्चीकडे सरकत येत होतं. ते जवळ आलं तशी हिरूने पाय वर उचलून घेतले आणि खुर्चीत अंग चोरून बसली. मूल तिच्याकडे बघून हसत होतं. ती हसली नाही. तिचे दोन्ही हात दूर्वांवर घट्ट मिटलेले होते.

माधवीने ते बघितलं आणि मावशीनेही. दोघी गर्दीत उभ्या राहिल्या, लोक बाजूने जात राहिले. हिरूने अजून त्यांना पाहिलं नव्हतं.

मावशीने पिशवीतून वेफर्सची पुडी काढली, ती अजून फोडलेली नव्हती. ती माधवीच्या हातात दिली, हिरूला दे म्हणून, आणि तो हात तसाच धरून ठेवला. तिच्या तळव्याला जन्माचं तेल मुरलेलं होतं, मऊ आणि जाड.

"माधवे, एक कर माझ्यासाठी," ती म्हणाली. "तू म्होरं जा. तू सिस्टर हायेस, तू सुरभीला डोळ्यांनी बघितलंस. तुझं तिला पटंल. तिला सांग, पोर तुझ्या अंगाखाली गेलं नाय, आयच्या शेगडीनं गेलं. नाव घेऊन सांग. माझ्याकडं बघून सांगू नको, तिच्याकडं बघून सांग, आन् मला वाचवाया जाऊ नको. मी हितंच उभी हाय. तिनं हाक मारली तर येईन. नाय मारली तर तुमी दोघी दर्शन करून या, मी हितूनच हात जोडते."